अमाल्फीच्या किनाऱ्यावर जेवायला बसताना: मेनू, बिल आणि मागचा डोंगर

इटलीतल्या अमाल्फीच्या किनाऱ्यावर जाऊन आलेल्या मराठी मंडळींशी बोललं की दोन विषय हमखास निघतात. एक तिथला समुद्र आणि दुसरा तिथलं बिल. ‘न मागितलेल्या पावाचे पैसे लावले’, ‘एका माशाचे इतके युरो?’, ‘पास्ता खाऊन पोट भरलं तरी वेटर विचारतो, आता पुढे काय आणू?’ अशा तक्रारी असतात. यातल्या फारच थोड्या ठिकाणी खरी फसवणूक असते. बाकीच्या ठिकाणी जेवणाची एक रीत असते, तिला धरून कायदे असतात आणि या दोहोंच्या मागे तिथला डोंगर असतो. तो डोंगर ध्यानात आला की मेनूही वाचता येतो आणि बिलही.

नेपल्सच्या दक्षिणेला सोरेंतोचा भूभाग समुद्रात घुसलेला आहे. त्याची दक्षिणेकडची बाजू म्हणजे अमाल्फीचा किनारा. पश्चिमेला पोझितानो, पूर्वेला व्हिएत्री सुल मारे, मध्ये प्रायानो, अमाल्फी, अत्रानी, मिनोरी, मायोरी, चेतारा आणि वर डोंगरात राव्हेल्लो, स्काला, त्रामोंती. 1997 मध्ये युनेस्कोने हा सगळा पट्टा जागतिक वारशाच्या यादीत घेतला. लत्तारी डोंगररांग इथे सरळ समुद्रात उतरते, त्यामुळे सपाट जागा म्हणावी अशी जवळजवळ नाहीच. गावांना जोडणारा एकच मुख्य रस्ता आहे, तोही एकोणिसाव्या शतकात कडा फोडून काढलेला आणि इतका अरुंद की समोरून बस आली की गाड्या मागे घ्याव्या लागतात. मोसमात गर्दीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांना सम-विषम क्रमांकाचा नियम लागतो.

आता हॉटेलवाल्याच्या बाजूने पाहा. टेबलं मांडायला जागा हवी तर ती कड्यावर बांधून काढायची. पीठ, तेल, बर्फ, पाण्याच्या बाटल्या असा सगळा माल त्या एका रस्त्याने आणायचा आणि पुढे पायऱ्यांच्या गल्ल्यांतून माणसांनी वाहून न्यायचा. मोसम ईस्टरच्या सुमारास सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटी, फार तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो. पोझितानोतली पुष्कळ रेस्तराँ हिवाळाभर बंद असतात. म्हणजे वर्षाचा खर्च सात महिन्यांत काढायचा. गच्चीवरून समुद्र दिसणाऱ्या टेबलाचा दर हा असा ठरतो. त्यात देखाव्याची किंमत असतेच आणि ती द्यायची की नाही हे आपण ठरवायचं. माझ्या मते एकदा जरूर द्यावी, पण रोज देण्याचं काही कारण नाही. त्याच किनाऱ्यावर चेतारा, मिनोरी, मायोरी अशी गावं आहेत, जिथे इटालियन कुटुंबं सुट्टीला येतात, मच्छीमार राहतात आणि जेवण पोझितानोपेक्षा स्वस्त पडतं.

मेनूची रचना आपल्या थाळीच्या उलटी असते. आपल्याकडे सगळं एकदम पुढे येतं, तिथे एकामागून एक. आधी आंतिपास्ती, म्हणजे सुरुवातीचे छोटे पदार्थ. मग प्रिमी, म्हणजे पास्ता, भात किंवा सूप. त्यानंतर सेकोंदी, म्हणजे मासे किंवा मांस. सेकोंदोच्या ताटात बहुधा नुसता मासाच येतो. भाजी किंवा सॅलड हवं असेल तर ते कोंतोर्नी या सदरातून वेगळं मागवायचं आणि त्याचे पैसेही वेगळे. शेवटी दोल्ची, म्हणजे गोड. पास्ता संपल्यावर वेटर ‘पुढे काय?’ असं विचारतो ते यामुळे. त्याच्या लेखी जेवण अजून अर्ध्यावर आहे.

पण सगळे टप्पे घेतलेच पाहिजेत असा नियम नाही. इटालियन लोकही रोज तसं जेवत नाहीत. दोघांत एक आंतिपास्तो, प्रत्येकी एक प्रिमो आणि मध्ये एक भाजी हे पूर्ण आणि सभ्य जेवण आहे. एक पदार्थ दोघांत हवा असेल तर मागवतानाच सांगावं, अनेक ठिकाणी स्वयंपाकघरातूनच दोन बशांत वाढून आणतात. चौघांनी मिळून फक्त एक पिझ्झा मागवणं मात्र गच्चीवरच्या रेस्तराँत खटकतं, कारण तिथे एक टेबल एका संध्याकाळी बहुतेक एकदाच भरतं. थोडंच खायचं असेल तर त्यासाठी बार असतात, कागदाच्या शंकूत तळलेली मासळी देणारी दुकानं असतात, पाव आणि चीज बांधून देणारी किराणा दुकानं असतात. तिथे उभ्याने, पायरीवर बसून, हवं तसं खावं.

आता त्या पावाच्या पैशांकडे येऊ. बिलावर ‘कोपेर्तो’ नावाची ओळ असते, माणशी साधारण दोन ते चार युरो, उंची ठिकाणी त्याहून जास्त. टेबलावरचं कापड, काटे-चमचे, पाव, बसण्याची जागा या सगळ्याचा हा आकार आहे आणि तो पूर्वापार चालत आलेला आहे. पाव खाल्ला नाही तरी तो लागतो. रोम ज्या प्रदेशात येतं त्या लात्सिओने कायदा करून कोपेर्तो बंद केला, पण अमाल्फीचा किनारा कांपानिया प्रदेशात येतो आणि तिथे तो चालतो. अट एवढीच की रक्कम मेनूवर छापलेली हवी. म्हणून बसण्याआधी दारावर लावलेल्या मेनूचं शेवटचं पान पाहावं, तिथे बारीक अक्षरात ती असते. ‘सेर्वित्सिओ’ ही वेगळी ओळ. ती सेवा शुल्काची, बहुतेक टक्केवारीत, आणि पर्यटकांच्या गावांत जास्त आढळते. तीही मेनूवर आधीच लिहिलेली असायला हवी. सेर्वित्सिओ लावलेला असेल तर वर टिप देण्याचा प्रश्नच नाही. नसेल तरी टिप सक्तीची नाही. जेवण आणि वागणूक आवडली तर काही नाणी किंवा एखादी नोट ठेवतात, बस्स.

पावाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तो लोण्याबरोबर खायला दिलेला नसतो, पास्ता संपल्यावर बशीत उरलेला रस्सा पुसून खायला असतो. घरगुती खानावळीत असं केलं तर स्वयंपाक करणाऱ्याला बरंच वाटतं.

पाणी बहुधा बाटलीचं असतं आणि विकत असतं. साधं हवं की बुडबुड्यांचं एवढंच विचारतात. दोन माणसांचा हिशेब कसा होतो ते एका काल्पनिक बिलावर पाहू. कोपेर्तो माणशी 3 म्हणजे 6 युरो, पाणी 4, एक आंतिपास्तो 14, दोन पास्ता प्रत्येकी 18 म्हणजे 36, एक भाजी 6, एक गोड 9. बेरीज 75 युरो. सेर्वित्सिओ 10 टक्के असेल तर वर साडेसात. म्हणजे कोपेर्तो डोक्यात जातो खरा, पण बिलातला त्याचा वाटा लहान असतो. बिल खरोखर दुप्पट करणारी ओळ वेगळीच आहे, आणि ती माशाची.

मोठा अख्खा मासा इटलीत बहुतेक ठिकाणी वजनावर विकतात. मेनूवर त्याच्यापुढे एक आकडा असतो आणि शेजारी बारीक अक्षरात ‘एत्तो’. एत्तो म्हणजे 100 ग्रॅम. समजा दर 7 युरो एत्तो आहे. नजर फक्त 7 वर जाते आणि मासा स्वस्त वाटतो. पण दोघांना पुरेल असा मासा सहज 800 ग्रॅम भरतो, म्हणजे 56 युरो. वजन धरतात ते कच्च्या, अख्ख्या माशाचं, डोकं आणि काट्यांसकट. यावर उपाय सोपा आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही: मासा शिजवण्याआधी टेबलावर आणून दाखवायला सांगावं, वजन विचारावं आणि एकूण किंमत ऐकूनच हो म्हणावं. चांगल्या ठिकाणी वेटर हे आपणहून करतो. इटालियन गिऱ्हाईकही असंच विचारून घेतं. मेनूवर आकडाच नसेल आणि ‘आजचा मासा’ एवढंच लिहिलेलं असेल, तर विचारल्याशिवाय मागवूच नये.

माशाच्या नावापुढे कधी चांदणीची खूण दिसते. तळाला खुलासा असतो की हा माल गोठवलेला आहे किंवा असू शकतो. गोठवलेला माल ताजा म्हणून विकणं इटलीत गुन्हा आहे आणि मेनूवर तसं न लिहिल्याबद्दलही तिथल्या न्यायालयांनी हॉटेलवाल्यांना दोषी धरलेलं आहे, म्हणून ही खूण. ती दिसली की लोक बिचकतात, पण प्रत्येक वेळी बिचकायचं कारण नाही. ऑक्टोपस गोठवल्यावर मऊ होतो म्हणून अनेक आचारी तो मुद्दाम गोठवतात. आणि कच्चे मासे द्यायचे असतील तर युरोपीय महासंघाचा नियमच आहे की ते आधी उणे 20 अंशांवर किमान 24 तास ठेवायला हवेत, कारण समुद्रातल्या माशांत अनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो आणि त्याने पोटाचा गंभीर त्रास होतो. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या माशांनाही हा नियम लागू होतो, कारण आंबटपणाने तो कृमी मरतोच असं नाही. उलट शंका घ्यायची ती भर मोसमात, गर्दीच्या चौकात, अतिशय स्वस्त ‘मिश्र तळलेले मासे’ असतील आणि चांदणी कुठेच नसेल तेव्हा.

मोठ्या माशाचा दर परवडत नसेल तर मला स्वतःला खरी गंमत लहान मासळीत वाटते. अलीची, म्हणजे अँकोव्ही, हा आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा. या किनाऱ्यासमोरच्या सालेर्नोच्या आखातात वसंतापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत तो भरपूर मिळतो. तळलेला, किंवा मध्ये चीज भरून तळलेला, किंवा लिंबात मुरवलेला, बशीभर अलीची मोठ्या माशाच्या मानाने फारच स्वस्त पडतात आणि त्या दूरच्या गोदामातून नव्हे, समोरच्या पाण्यातून आलेल्या असण्याची शक्यता जास्त.

या माशाचं घर म्हणजे चेतारा. ट्यूना आणि अलीची यांवर जगणारं लहानसं कोळ्यांचं गाव. तिथे ‘कोलातुरा दी अलीची’ नावाचं द्रव तयार होतं, ज्याच्यासाठी एक दुपार राखून ठेवावी असं मी सांगेन. मार्चच्या शेवटापासून जुलैपर्यंत पकडलेल्या अलीचींची डोकी आणि आतडी हाताने काढतात. लाकडी पिंपात माशांचा एक थर, समुद्री मिठाचा एक थर असं रचत जातात आणि वर लाकडी झाकण ठेवून त्यावर जड दगड ठेवतात. मिठाने आणि वजनाने माशांतून पाणी सुटतं. ते महिनोन्‌महिने मुरतं आणि शेवटी पिंपाला खाली भोक पाडून थेंब थेंब गाळून घेतात. हाती येतं ते मधासारख्या तांबूस रंगाचं, पारदर्शक, खारं पाणी. प्राचीन रोमन लोक ‘गारुम’ नावाचा असाच माशांचा रस जेवणात घालत. कोलातुरा त्या वंशातली मानली जाते. 2020 मध्ये युरोपीय महासंघाने तिला संरक्षित नामांकन दिलं, म्हणजे ते पूर्ण नाव आता ठरलेल्या भागात आणि ठरलेल्या पद्धतीने बनवलेल्या मालालाच वापरता येतं.

कोलातुराच्या स्पगेटीची कृती ऐकायला अगदी साधी आहे. स्पगेटी बिनमिठाच्या पाण्यात उकडायची, कारण मीठ कोलातुरातच आहे. भांड्यात ऑलिव्ह तेल, लसूण, थोडी मिरची, पार्सली आणि कच्ची कोलातुरा एकत्र करायची. कोलातुरा शिजवायची नाही, उष्णतेने तिचा वास बिघडतो. गरम स्पगेटी त्यात घोळवली की झालं. बशीत मासा दिसत नाही, पण तोंडात अख्खा समुद्र येतो. ज्यांच्या घरी सुकटीचा वास ओळखीचा आहे, त्यांना ही चव परकी वाटणार नाही. या पास्त्यावर किसलेलं चीज मागू नये. माशाच्या नाजूक चवीवर मुरलेलं चीज चढून बसतं म्हणून तिथे ते देत नाहीत. नियमाला अपवादही आहेत. तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांबरोबर मेंढीच्या दुधाचं चीज घालणारे आचारी याच कांपानियात आहेत.

इथे मी एक गोष्ट ठामपणे सांगेन. या किनाऱ्यावर मेनू वाचताना ‘कोणता पदार्थ प्रसिद्ध आहे?’ यापेक्षा ‘यातलं काय इथल्या डोंगरात आणि पाण्यात होतं?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. मलईचा पांढरा सॉस घातलेला पास्ता किंवा बोलोन्याचा मांसाचा रस्सा इथला नाही, तो पाहुण्यांना ओळखीचा वाटतो म्हणून छापलेला असतो. इथली पुंजी वेगळी आहे. समुद्रात अलीची. उतारावर लिंबू. डोंगराच्या पलीकडे ग्रान्यानो गाव, जिथला सुका पास्ता दळणाच्या जुन्या गिरण्या आणि वाऱ्यावर वाळवण्याची सोय यांमुळे नावारूपाला आला आणि ज्याला 2013 मध्ये भौगोलिक नामांकन मिळालं. वरच्या पठारावर आजेरोला, जिथे गाईच्या दुधाचं मोझरेल्ला आणि ‘प्रोव्होलोने देल मोनाको’ नावाचं मुरलेलं चीज होतं. त्रामोंतीत द्राक्षं, त्यातल्या काही वेली इतक्या जुन्या की एकोणिसाव्या शतकात युरोपभर द्राक्षबागा संपवणाऱ्या फिलॉक्सेरा किडीच्या आधीच्या मुळांवर त्या अजून उभ्या आहेत. या पाच गोष्टींतून बनलेले पदार्थ मेनूवर शोधले की निवड चुकत नाही आणि बहुधा पैसेही वाजवी लागतात.

लिंबाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते नसतं तर हा किनारा आजच्यासारखा दिसलाच नसता. इथल्या जातीला ‘स्फुसातो’ म्हणतात. लांबट, टोकाकडे निमुळतं, जाड सालीचं, बिया कमी. सालीत तेल भरपूर आणि आतला पांढरा भाग कडू नसतो, त्यामुळे ते नुसतं कापून मीठ किंवा साखर लावून खातात. 2001 मध्ये त्याला भौगोलिक नामांकन मिळालं. डोंगरावर शेत करायचं तर आधी चुन्याशिवाय दगड रचून गडगे उभारायचे, मागे माती भरायची आणि मग झाड लावायचं. वर चेस्टनटच्या लाकडाचे मांडव, थंडीत त्यावर आच्छादन. या पायऱ्यांवर यंत्र जात नाही. एके काळी मिनोरी-मायोरीच्या बायका पन्नास किलोच्या आसपास वजनाच्या लिंबांच्या टोपल्या पाठीवर घेऊन शेकडो पायऱ्या उतरत आणि किनाऱ्यावरच्या बोटींपर्यंत पोचवत. त्यांना लोक ‘मुंग्या’ म्हणत. आजही बागेतून लिंबू खाली येतं ते माणसाच्या खांद्यावरून, कुठे खेचराच्या पाठीवरून, कुठे तारेच्या पाळण्यातून.

एवढ्या कष्टाचं लिंबू बाजारात स्वस्त लिंबाशी टिकत नाही, म्हणून अनेक बागा ओस पडल्या. बाग सुटली की गडगा कोसळतो, गडगा कोसळला की पावसात माती सुटते आणि ती थेट खालच्या रस्त्यावर येते. तेव्हा लिंबाचा पास्ता, लिंबाच्या पानावर भाजलेलं चीज, लिंबाची कोशिंबीर, लिंबाचं सरबत अशा पदार्थांना गिऱ्हाईक मिळणं ही त्या डोंगराच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट नाही. गोडात ‘देलित्सिया अल लिमोने’ मिळतं. अर्धगोल मऊ केक, आत-बाहेर लिंबाची मलई. ते फार जुनं वाटतं, पण सोरेंतोच्या कार्मिने मार्त्सुइल्लो या हलवायाने ते 1978 मध्ये बनवलं. लिमोन्चेल्लो म्हणजे मद्यार्कात मुरवलेली लिंबाची साल आणि साखरेचा पाक. जेवणानंतर लहान पेल्यात, अगदी थंड. पुष्कळदा तो घरचा म्हणून फुकट देतात, पण तो चांगलाच कडक असतो. मद्य घेत नसाल तर लिंबाचा बर्फाळ ग्रानिता मागावा, त्यात दूधही नसतं.

आता शाकाहाऱ्यांचा प्रश्न. मराठी कुटुंबांत एखादा तरी शाकाहारी असतोच आणि सहलीच्या कंपनीबरोबर गेलं तर रात्रीचं जेवण बहुधा भारतीय असतं, म्हणजे दुपारचं एखादंच जेवण आपल्या हाती राहतं. ते बिघडू नये. आनंदाची गोष्ट अशी की दक्षिण इटलीचा स्वयंपाक मुळात गरीब शेतकऱ्यांचा आहे आणि त्यात भाज्या, डाळी, टोमॅटो भरपूर आहेत. सुका पास्ता रवाळ गहू आणि पाणी यांचाच असतो, त्यात अंडं नसतं. टोमॅटो आणि तुळशीच्या जातीच्या बेझिलची स्पगेटी, वांग्याची पार्मिजाना, घेवड्याच्या दाण्यांचा पास्ता, बटाटा आणि धुरकट प्रोव्होला चीज घातलेला पास्ता हे सगळं इथलं रोजचं अन्न आहे. शेजारच्या नेरानो गावातली तळलेल्या झुकिनीची स्पगेटी तर आता इटलीभर गाजते आहे.

अडचणी दडलेल्या असतात. पहिली चीजची. दूध विरजायला वासराच्या किंवा करडाच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात. पार्मेजानो आणि प्रोव्होलोने देल मोनाको यांना संरक्षित नामांकन आहे आणि त्यांच्या ठरलेल्या कृतीतच प्राण्याचं रेनेट आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी हे दोन्ही टाळावेत. नेरानोची झुकिनी स्पगेटी तर प्रोव्होलोने देल मोनाकोवरच उभी असते. दुसरी अडचण अलीचीची. भाजीच्या पदार्थातही चवीला एखादा मासा विरघळवलेला असू शकतो, तळलेल्या झुकिनीच्या फुलांतही तो भरलेला असतो. तिसरी सूपच्या पाण्याची, ते मांसाचं असू शकतं. चौथी गोडाची. कोंका देई मारिनी गावच्या मठात जन्मलेली मानली जाणारी पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत लाटतात. एन्दुन्देरी नावाचे मिनोरीचे रिकोटा चीजचे गोळे आणि बेझिल घातलेला ताजा जाडसर शालातिएल्ली पास्ता यांत अंडं असू शकतं. शालातिएल्ली तर बहुधा शिंपल्या-कोळंबीबरोबरच येतो.

उलट मारिनारा नावाचा पिझ्झा बिनधास्त घ्यावा. नाव समुद्राचं असलं तरी त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं, मासा नाही आणि चीजही नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मार्गेरीता बरा, कारण नेपल्सच्या रीतीने त्यावरचा टोमॅटो फक्त चिरडून मीठ घातलेला असतो. चीज नको असेल तर तोही चीजशिवाय मागता येतो. मेनूवर पदार्थांपुढे लहान आकडे असतील तर ते तपासावेत. युरोपीय नियमानुसार 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते आणि मासे, अंडी, दूध, कवचाचे जलचर हे त्यात येतात. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून थांबू नये. मांस नको, मासा नको, अलीची नको, मांसाचं पाणी नको, असं एकेक नाव घेऊन सांगावं. ‘सेंत्सा’ म्हणजे विना. सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा अलीची, सेंत्सा ब्रोदो. हे चार शब्द हसतमुखाने म्हटले की तिथली माणसं मनापासून मदत करतात.

वेळेचं गणित कडक आहे. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, मग स्वयंपाकघर बंद. रात्रीचं साडेसातनंतर. चार वाजता भूक लागली तर बारमधलं सँडविच किंवा आइस्क्रीम एवढाच आधार, त्यामुळे लहान मुलं आणि वयस्क माणसं बरोबर असतील तर दुपारची वेळ चुकवू नये. मोसमात चांगल्या ठिकाणी टेबल आधी सांगून ठेवावं लागतं. एकदा बसलात की सहसा कोणी उठवत नाही आणि मागितल्याशिवाय बिलही आणत नाहीत. मागण्याआधीच बिल पुढे ठेवणं तिथे उद्धटपणाचं समजतात. वेटर विसरला असं समजून खोळंबून राहण्यापेक्षा ‘इल कोंतो’ असं म्हणावं. कॉफी गोडाच्या नंतर, बहुतेक काळी आणि घोटभर. बारमध्ये तीच कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसून प्यायली तर महाग, आणि हे दोन दर रीतसर वेगळे असतात.

रात्री जेवायला दुसऱ्या गावात जाणार असाल तर परतीची सोय आधी पाहावी. शेवटची बस आपली मिठाई संपायची वाट पाहत नाही, मोसमातल्या बोटी संध्याकाळनंतर फारशा नसतात आणि समुद्र खवळला की दिवसाही बंद राहतात. टॅक्सी मिळते, पण तिचं भाडं जेवणाच्या बिलाइतकं होऊ शकतं. म्हणून दूरच्या गावात दुपारी जेवावं आणि रात्री मुक्कामाच्या गावातच, हा बेत सोयीचा.

महिना निवडण्याची मोकळीक असेल तर एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात उत्तम: अलीची ताज्या, लिंबं झाडावर, गर्दी आटोक्यात. ऑगस्टच्या मध्यावर इटालियनांचीच मोठी सुट्टी असते, तेव्हा दर आणि गर्दी दोन्ही शिगेला. त्याच दिवसांत मात्र चॉकलेटमध्ये बुडवलेली वांगी हा इथला विलक्षण गोड पदार्थ मिळतो. डिसेंबरात जाणाऱ्यांना पोझितानो अर्धं बंद सापडेल, पण चेतारात त्या सुमारास नव्या कोलातुराच्या बाटल्या भरलेल्या असतात आणि नाताळच्या आदल्या रात्री तिथल्या घराघरांत तीच स्पगेटी शिजते. चेताराच्या दुकानांत लहान बाटली मिळते. ती सामानाच्या बॅगेत नीट गुंडाळून आणावी, घरी फ्रिजमध्ये ठेवावी आणि चौघांच्या स्पगेटीला चार लहान चमच्यांपेक्षा जास्त घालू नये.